वॅटचा मानपान

आमच्या उरण-पनवेल पट्ट्यात तीन आकडे कुणी कमी करून सांगत नाही: गाडीचं अ‍ॅव्हरेज, जागेचा भाव आणि स्पीकरचे वॅट. पैकी अ‍ॅव्हरेजची परीक्षा पेट्रोलपंपावर होते. जागेचा भाव रजिस्ट्रेशनच्या दिवशी आपोआप इतका खाली येतो, की आदल्या संध्याकाळी टपरीवर ज्या जागेबद्दल ऐकलं ती हीच का, अशी शंका यावी. वॅटची परीक्षा मात्र कुणी, कुठेही घेत नाही. त्यामुळे त्या आकड्याची वाढ अगदी निकोप झाली आहे.

चिरनेर तसं शांत गाव. महागणपतीचं देऊळ, बाजूला तळं, मागे कर्नाळ्याच्या अंगाचे डोंगर. कागदोपत्री तालुका उरण. पण लग्नाचा बस्ता, डोळ्यांचा डॉक्टर आणि स्टिरिओ या गोष्टींसाठी माणूस पनवेलच गाठतो. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, त्याच्या आगेमागे सिडको पसरली, आता विमानतळ झाला. दर खेपेला या भागात थोडे पैसे आले आणि पुष्कळ स्लॅब पडले. कौलं उतरली, मातीच्या भिंती गेल्या, हॉलमध्ये चकचकीत फरशी आली. आणि त्या फरशीवर, टीव्हीच्या दोन बाजूंना, कमरेएवढे दोन टॉवर स्पीकर येऊन उभे राहिले.

पाहुणा येतो, पाणी पितो, स्पीकरकडे बघतो आणि विचारतो, "किती वॅट?" काय ऐकता, असं कुणी विचारत नाही. ती घरातली खाजगी बाब आहे. वॅट सार्वजनिक असतात.

आमच्या दाजींनी वास्तुशांतीला आणलेल्या सेटवर सोनेरी अक्षरांत '१२,००० वॅट' असा स्टिकर आहे. सेटवरचं पारदर्शक प्लास्टिक त्यांनी अजून काढलेलं नाही, आणि तो स्टिकर जिथे आहे तिथे तर बोटसुद्धा लावू देत नाहीत. मी सेटच्या मागे जाऊन वाकलो, तेव्हा घरातल्या मंडळींना वाटलं, मी काहीतरी पडलेलं शोधतोय. खरं तर मी फ्यूज बघत होतो. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: २ अँपिअर.

आता हे गणित चौथीच्या पोराला घालण्यासारखं आहे. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. दोन अँपिअरच्या फ्यूजमधून सुखाने जाईल ती वीज साधारण ४६० वॅट. फ्यूज सोडा, ज्या साध्या प्लगमध्ये तो सेट खोचला होता, तो सहा अँपिअरचा, म्हणजे पार ताणला तरी १,३८० वॅटचा. खरोखरचे बारा हजार वॅट हवे असतील तर बावन्न अँपिअर ओढावे लागतील. बाथरूममधला गिझर बिचारा दोनच हजार वॅटचा. पण त्याला सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि जाड वायर दिलेली. त्याच्या सहापट शक्तीचा दावा करणाऱ्या यंत्राची वायर मात्र एवढी बारीक, की उंदराला तिचा एका बैठकीत फडशा पाडता यावा.

"दाजी, हे बारा हजार येतात कुठून?"

"त्यो पीएमपीओ हाय," दाजी म्हणाले. "तुना काय कलतं त्यातला?"

पीएमपीओ म्हणजे पीक म्युझिक पॉवर आउटपुट. नव्वदच्या दशकात टू-इन-वन आणि थ्री-इन-वनच्या खोक्यांवरून ही अक्षरं आपल्या घरात शिरली आणि मुक्कामाला राहिली. या पॉवरचं मोजमाप कसं करायचं याचं कुठलंही प्रमाण ठरलेलं नाही, आणि तोच तिचा मोठा गुण आहे. यंत्राच्या आयुष्यात एखादा असा दिव्य क्षण येईल, की जेव्हा ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, सगळे स्पीकर आणि मालकाचं पुण्य एकाच वेळी कामाला लागेल, त्या क्षणाच्या हजाराव्या भागात जे निघू शकलं असतं ते पीएमपीओ. एखादी कंपनी खऱ्या वॅटना चाळीसने गुणते, एखादी शंभराने. दिवाळीच्या सीझनला आणखी थोडं सढळ हाताने. दाजींचा सेट सतत, न थकता, आवाज न फाटता देऊ शकतो ते असतील दोन्ही बाजूंना तीस-तीस वॅट. हे ऐकून त्यांनी माझ्यासमोरची भज्यांची बशी थोडी सरकवून घेतली.

ही लबाडी आपलीच आहे असं समजून कुणी खाली मान घालू नये. अमेरिकेतही साठच्या दशकात जाहिरातींतले वॅट असेच फुगले होते. शेवटी १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला, की घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची जाहिरात करताना तो सतत किती वॅट देतो तेच सांगा. माणूस चंद्रावर पोचल्यानंतर पाच वर्षांनी वॅट जमिनीवर आले.

मग खरंच लागतात किती?

स्पीकरच्या माहितीपत्रकात, कुणी वाचू नये अशा बेताने, एक ओळ छापलेली असते: ८७ डेसिबल, १ वॅट, १ मीटर. याचा अर्थ, या स्पीकरला एक वॅट दिला आणि एक मीटरवर कान धरला, तर ८७ डेसिबल आवाज येतो. समोरासमोर बसून केलेलं साधं बोलणं साठच्या आसपास असतं. म्हणजे एका वॅटमध्ये ८७. सोफा तीन मीटर लांब ठेवला, तरी दोन स्पीकर आणि चार भिंती मिळून ऐंशीच्या वर आवाज पोचवतात. इतक्या आवाजात स्वयंपाकघरातून आलेली हाक ऐकू येत नाही आणि मग ती हाक स्वतः चालत बाहेर येते. रोजचं ऐकणं सत्तरीत असतं. त्याला वॅटचा दहावा हिस्सासुद्धा लागत नाही. दाजींच्या बारा हजारांपैकी रोज सकाळी अभंग ऐकताना कामावर असतो तो एका वॅटचा चतकोरही नसतो. बाकीचे नोकरीवर आहेत, पण हजेरीपुरते.

पुढे आणखी गंमत आहे. वॅट दुप्पट केले, की आवाज वाढतो तीन डेसिबल. म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल एवढाच. कानाला आवाज दुप्पट झाला असं वाटायला दहा डेसिबल लागतात, आणि दहा डेसिबलसाठी वॅट दहापट. शेजाऱ्याने खरे पन्नास वॅट आणले म्हणून ईर्ष्येने आपण शंभर आणले, तर पैसे दुप्पट जातात आणि फरक पडतो तो तीन डेसिबलचा. सोफा दोन हात पुढे ओढला असता तर जवळपास तेवढाच फरक फुकटात पडला असता. पण सोफा पुढे ओढला, हे गावात कुणाला सांगायचं कसं?

दुकानात जे विचारायला हवं आणि कुणीच विचारत नाही, ते म्हणजे स्पीकरचा हा डेसिबलचा आकडा. ८४ चा स्पीकर आणि ९० चा स्पीकर यांत दिसायला सहाच गुणांचा फरक. पण पहिल्याला तेवढाच आवाज काढायला चौपट वॅट लागतात. अ‍ॅम्प्लिफायरवर खर्च करण्याआधी इथे डोकं घालावं. घरगुती स्पीकर हा मुळात उधळ्या प्राणी आहे. शंभर वॅट दिले तर त्यातल्या एका वॅटचाही पुरता आवाज होत नाही. बाकी सगळे आतली कॉइल तापवण्यात जातात. याउलट नारळाच्या झाडाला बांधलेला कर्णा. बाहेरून पत्र्याचं फूल, आतून काटकसरी. एका वॅटला शंभराच्या वर डेसिबल. म्हणून तर सत्यनारायणाच्या मंडपातला तीस-चाळीस वॅटचा आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर मोठी जुई गावापर्यंत कथा पोचवतो आणि तिथल्या लोकांना प्रसादाला न येताच पुण्य मिळतं.

मुळात जगाने सुरुवात एका वॅटवरच केली होती. आज आपण वापरतो त्या प्रकारच्या स्पीकरवरचा निबंध जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी रेडिओला १०४ नावाने जो स्पीकर बाजारात आला त्याच्या पोटात एक वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर होता. किंमत अडीचशे डॉलर. तीसच्या दशकात, आपल्याकडे 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला त्या सुमाराला, वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी लहान थिएटरांसाठी आठ वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर बनवत होती. सबंध थिएटर, आठ वॅट, पुढे मोठे कर्णे. १९५४ साली वार्फडेल कंपनीच्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, सुमारे तीन हजार खुर्च्यांच्या सभागृहात, प्रत्यक्ष वादन आणि त्याचं रेकॉर्डिंग पाठोपाठ ऐकवलं. त्यासाठी पीटर वॉकर यांचे पंधरा वॅटचे क्वाड अ‍ॅम्प्लिफायर वापरले होते. दाजींच्या हॉलमध्ये खुर्च्या सहा आहेत आणि त्यातल्या एकीवर इस्त्रीचे कपडे असतात.

शौकिनांची एक जात तर अशी आहे, की जी त्या जुन्या आठ वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरसाठी आज लाखांत पैसे मोजते. गरीब माणूस चार हजारांत बारा हजार वॅट घेतो, श्रीमंत माणूस चार लाखांत आठ. दोघंही समाधानी असतात आणि दोघांच्याही बायका नसतात.

चिरनेरला तर शून्य वॅटची परंपरा आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथे जंगल सत्याग्रह झाला, अक्कादेवीच्या माळावर गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. दिघोडे, कोप्रोली, खोपटे, दोन्ही जुई अशा गावागावांतून लोक त्या दिवशी आले होते, ते कर्ण्यावरची हाक ऐकून नव्हे. काँग्रेसच्या सभांना शिकागो रेडिओचे लाउडस्पीकर लागले ते पुढच्या वर्षी, कराची अधिवेशनापासून. गांधीजी आणि नेहरूंच्या जुन्या फोटोंत माईकवर ते नाव ठळक दिसतं. इथे निरोप गेला तो तोंडी, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर. आता दरवर्षी त्या तारखेला स्मारकापाशी मानवंदना होते, भाषणं होतात, आणि माईक असूनही मागच्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला विचारतो, "काय बोलला तो?"

आणि धवलारीण. आगरी लग्नात विधी लावणारी, धवळे म्हणणारी बाई. मांडवाच्या कोपऱ्यात बसून ती गाते, तेव्हा ना माईक असतो ना रिव्हर्ब. तिचा आवाज नवरीपर्यंत जातो, नवरीच्या आईपर्यंत जातो आणि जिथे डोळे पुसले जायचे तिथे पुसले जातात. तिला किती डेसिबल लागतात हे कुणी मोजलेलं नाही. मोजायला गेलात तर ती तुमचंच नाव धवळ्यात गुंफेल.

आता त्याच मांडवात हळदीला डीजे असतो. उरण-पनवेलची हळद म्हणजे काय, हे पुण्याच्या पाहुण्याला समजावून सांगता येत नाही; त्याला रात्री साडेनऊला मांडवात नेऊन उभं करावं लागतं. छातीत काहीतरी हलतं. पाहुण्याला वाटतं हृदयविकार, असतं कोळीगीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. साधं बोलणं साठ असतं हे वर सांगितलंच. तेव्हा कायद्याच्या अंगाने पाहिलं तर आमच्या आत्याने रात्री दहानंतर ओट्यावर बसून गप्पा मारणं हेच मुळात आक्षेपार्ह आहे. डीजे दहाच्या ठोक्याला बंद होतो. आत्या बंद होत नाही.

हळदीचा हा मांडवच सगळ्या वॅटचं माहेर आहे, हे माझ्या फार उशिरा नाही पण सावकाश लक्षात आलं. हॉलमधला टॉवर स्पीकर घरच्यांसाठी घेतलेला नसतोच. घरच्यांना सकाळचे अभंग आणि दुपारची मालिका पुरते. तो घेतलेला असतो वर्षातल्या त्या एका दिवसासाठी, जेव्हा खिडक्या उघडून, स्पीकरचं तोंड रस्त्याकडे करून, अख्ख्या आळीला कळवायचं असतं, की आमच्याकडे बारसं आहे. तेव्हा आवाज जातो कुठपर्यंत यावर यजमानाची पत ठरते. मिनीडोर रिक्षावाला सीटखाली बेस ट्यूब बसवतो तीही स्वतःसाठी नाही. मागे बसलेल्या नऊ माणसांसाठीही नाही. ती असते समोरून येणाऱ्या दुसऱ्या मिनीडोरवाल्यासाठी.

तरी मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरची बाजू अगदीच लंगडी नाही. आवाज कधी सपाट नसतो. बुवा शांतपणे आलाप घेत असतात तेव्हा अर्धा वॅट चालतो. मध्येच पखवाजावर जी थाप पडते ती क्षणभर वीस डेसिबल उसळते. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट. अर्ध्याचे झाले पन्नास. घरात चारच माणसं असली तरी टोप मोठा ठेवावा लागतो, कारण गणपतीत चाळीस येतात, तसं हे. त्या क्षणाला अ‍ॅम्प्लिफायर अपुरा पडला, तर तो आवाजाचे शेंडे कापतो, पखवाज खोक्यावर थापट्या मारल्यासारखा वाजतो. असा गळा आवळलेला अ‍ॅम्प्लिफायर तासन्‌तास चालवला, की नाजूक ट्वीटर जळतो. म्हणून मेकॅनिककडे येणाऱ्या जळक्या ट्वीटरांमागे पुष्कळदा लहान अ‍ॅम्प्लिफायर आणि मोठा उत्साह असतो. मालक मात्र छातीठोक सांगतो, "वॅट जास्त झाले." त्याला तो गौरव वाटतो.

दुसरा खादाड म्हणजे बेस. खालच्या सुरांना आपला कान मुळात आळशी, म्हणून माणूस बेसचं बटण उजवीकडे पिळतो. त्या बटणाने दहा डेसिबल चढवले, की तेवढ्या भागापुरते वॅट दहापट लागले. शिवाय नव्या घराच्या स्लॅब-फरशीत हा बेस बाहेर जायला वाट नाही. तो कोपऱ्यात साठतो आणि मांडणीवरची भांडी वाजू लागतात. दाजींच्या घरी एका ठरावीक गाण्याला पितळी तांब्या नेमका कडव्याला साथ देतो. कौलारू घरात असं होत नसे. तिथे अर्धा आवाज कौलांतून आभाळात जाई आणि उरलेला अर्धा शेणाने सारवलेली जमीन गिळून टाकी. त्यामुळे जुन्या घराला खरे वॅट थोडे जास्त लागले असते आणि तेव्हा ते कुणाकडे नव्हते. आता घर एका वॅटमध्ये दणाणतं, तर सगळ्यांकडे हजारो.

दुकानदाराला हे सगळं माहीत असतं. पनवेलला एका दुकानात मी मुद्दाम विचारलं, बारा बाय पंधराच्या हॉलला खरे किती वॅट पुरतील? त्याने दोन्ही बाजूंना बघितलं, आवाज साठ डेसिबलवरून चाळीसवर आणला आणि म्हणाला, "साहेब, तीस-चाळीस खरे असले तर डोक्यावरून पाणी. पण मी असं सांगितलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल." मग आवाज पूर्ववत करून त्याने मागच्या जोडप्याला वीस हजार वॅटचा सेट दाखवला. व्हॉल्यूमचं बटण थोडं फिरवताच काचा थरारल्या. यातली मेख अशी, की हल्ली मोबाइलसारख्या ठिकाणाहून येणारा सिग्नलच जोरकस असतो. बटण अर्ध्यावर आलं की अ‍ॅम्प्लिफायरचं सर्वस्व संपलेलं असतं. पुढचं अर्धं बटण गिऱ्हाइकाच्या मनःशांतीसाठी ठेवलेलं आहे. जोडप्यातला नवरा खुशीत म्हणाला, "अजून अर्धा बाकी आहे!"

हे सगळं मी एका रविवारी दाजींना बसवून, कागदावर आकडे मांडून, सावकाश सांगितलं. डेसिबल, तीनची पायरी, सोफ्याचं अंतर, पखवाजाची थाप, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. कागद उलटा-सुलटा करून पाहिला. आपल्या सेटकडे पाहिलं, प्लास्टिकवरची धूळ हाताने पुसली.

"म्हंजे खरं चालीस वॅट बास?"

"बास, दाजी. चाळीसही जास्तच."

दाजींनी मान डोलावली. त्यांना पटल्यासारखं दिसलं.

"मंग तू चालीसचाच घे," ते म्हणाले. "तुज्याकरं हलदीला कोन येतंय?"